पू, बोध आणि गर्भ

निवडणुकीचे निकाल लागले की आपल्या वर्तमानपत्रांत ‘जनतेचा कौल’ छापून येतो. हा कौल अरबी. ‘क़ौल’ म्हणजे उच्चारलेला शब्द, दिलेलं वचन. कव्वाल आणि कव्वाली त्याच घरातले. मराठी राज्याच्या दफ्तरात पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार कौल देई, म्हणजे सवलतीचं लेखी आश्वासन. तळकोकणात आणि गोव्यात मात्र हा शब्द दफ्तरातून उठून देवळात जाऊन बसला. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगाला पाकळ्या किंवा तांदूळ लावतो, आणि उजवी सुटते की डावी याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. इंग्रजी ‘ऑरॅकल’ दिसला की आपण ‘देववाणी’ किंवा ‘भविष्यवाणी’ लिहून मोकळे होतो. पण त्याचं मूळ लॅटिन ‘ओरारे’ म्हणजे बोलणं, आणि त्या हिशेबानं ‘कौल’ हा त्याचा जवळचा भाऊ ठरतो. भविष्य सांगणं हा ग्रीकांच्या कौल देणाऱ्या देवळांचा मुख्य धंदा नव्हताच. प्रवासाला निघू का, लग्न करू का, वसाहत कुठे वसवू, अशा प्रश्नांना होकार-नकार मिळवणं हा होता. वायव्य ग्रीसमधल्या दोदोना इथं शिशाच्या पातळ पट्ट्यांवर लिहिलेले असे चार हजारांहून अधिक मजकूर सापडले आहेत. त्यांत लिसानियास नावाचा एक गृहस्थ झ्यूसला विचारतो, की अन्नुलाच्या पोटातलं मूल माझंच का?

ग्रीक लोक अर्थातच लॅटिन शब्द वापरत नव्हते. त्यांच्याकडे कौल देणाऱ्या जागेला ‘मान्तेइओन’ म्हणत आणि द्रष्ट्याला ‘मान्तिस’. त्याचं धातुमूळ आपल्या ‘मन्’चंच, ज्यातून मन, मती, मंत्र निघाले. प्लेटोच्या ‘फाइद्रस’ या संवादात सॉक्रेटिस सांगतो, की या विद्येचं जुनं नाव ‘मानिके’, म्हणजे वेडाची कला. पुढच्या अरसिकांनी त्यात उगाच एक ‘त’ घुसडला. सॉक्रेटिस थट्टा करतोय हे उघड आहे. गंमत अशी, की ‘मानिया’ आणि ‘मान्तिस’ ही एकाच धातूची लेकरं आहेत असंच आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञही मानतात. ‘त’ मात्र कुणी घुसडलेला नाही.

जनतेचा आणि देवाचा कौल एकत्र आल्याचं एक उदाहरण अथेन्सच्या इतिहासातच आहे. इ.स.पू. 508 च्या सुमारास क्लेइस्थेनेसनं नागरिकांची दहा नव्या गणांत विभागणी केली. गणांना नावं कोणत्या पुराणपुरुषांची द्यायची? अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात म्हटलंय, की शंभर नावं निवडून डेल्फीला, अपोलोच्या कौल देणाऱ्या देवळात पाठवली आणि तिथल्या पूथिया नावाच्या पुजारिणीनं त्यांतली दहा काढून दिली. लोकशाहीच्या पहिल्या आराखड्यातली नावं अशी देवळातून मंजूर होऊन आली.

आता या पूथियाच्या नावाकडे वळू. डेल्फीचं जुनं नाव पूथो. ‘इलियड’मध्ये ते खडकाळ पूथो म्हणून येतं. अपोलोच्या एका प्राचीन स्तोत्रात नावाची कथा आहे: अपोलोनं तिथल्या नागिणीला बाणानं मारलं, तिचं कलेवर उन्हात कुजलं, आणि ‘कुजणं’ या अर्थाच्या ‘पूथेइन’ वरून जागेला पूथो म्हणू लागले. संस्कृतात या धातूची नातवंडं आहेत पूय आणि पूति, आणि मराठीत गळवातून येतो तो साधा ‘पू’. त्या सापाला पुढे ‘पूथोन’ नाव पडलं, तो इंग्रजीतून अजगर होऊन आपल्याकडे ‘पायथन’ म्हणून आला, आणि आता संगणकाच्या भाषेलाही तेच नाव आहे. (त्या भाषेच्या कर्त्यानं नाव घेतलं ते ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून. त्यामुळे पू तिथवर पोचला तो आडवाटेनं.)

भूगोलकार स्ट्रॅबोनं दुसरी व्युत्पत्ती नोंदवली आहे. ‘पुथेस्थाइ’ म्हणजे चौकशी करणं, जाणून घेणं. लोक विचारायला येत म्हणून पूथो. हा धातू म्हणजे संस्कृतातला ‘बुध्’. ज्यातून बोध आला, बुद्ध आला, तोच. पुजाऱ्यांना कोणती व्युत्पत्ती आवडली असेल हे सांगायला नको. कुजण्यापेक्षा बोध कधीही बरा. पण इथं आडवा येतो तो शाळेत आपला जीव खाणारा ऱ्हस्व-दीर्घ. चौकशीच्या धातूतला उकार ऱ्हस्व आहे, कुजण्यातला दीर्घ, आणि गावाच्या नावातलाही दीर्घ. स्ट्रॅबोला ही अडचण दिसली होती. उकार लांबवला असेल असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली. खरं म्हणजे पूथो हे नाव ग्रीक भाषा तिथं येण्याच्या आधीचंही असू शकेल. मग पू आणि बोध दोन्ही नंतर बसवलेले. आपल्याकडे शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, असं स्थळपुराण सांगतं, त्या जातीचीच ही कामगिरी.

‘डेल्फी’ या नावाची स्तोत्रातली कथा आणखी सोयीची आहे: अपोलो डॉल्फिनचं, म्हणजे ‘देल्फिस’चं, रूप घेऊन समुद्रातून आला. पण देल्फिस आणि डेल्फी या दोघांच्याही मागे ‘देल्फूस’ हा शब्द आहे असं मानतात, आणि देल्फूस म्हणजे गर्भाशय. माशासारखा असून पिल्लं घालतो म्हणून देल्फिस. त्याचं आपल्या ‘गर्भ’ शब्दाशी नातं लावणारे भाषाशास्त्रज्ञ पुष्कळ आहेत. कुणी ‘गर्भ’ला ‘ब्रेफोस’ म्हणजे तान्हं मूल, या दुसऱ्या ग्रीक शब्दाशी जोडतात. वाद अजून मिटलेला नाही. ग चा द कसा झाला, असं वाटेल. पण मूळ भाषेतला ओठ गोल करून काढलेला कंठ्य वर्ण ग्रीकमध्ये ‘ए’ स्वराआधी दंत्य होतो, हा नियमच आहे. संस्कृतातल्या ‘च’ (आणि) या अव्ययाच्या जागी ग्रीकमध्ये ‘ते’ येतो आणि ‘पञ्च’च्या जागी ‘पेन्ते’, त्यातलाच हा प्रकार.

देल्फूस म्हणजे गर्भ, याचा पुरावा ग्रीक घरातही आहे. भ्राता, लॅटिन ‘फ्रातेर’, इंग्रजी ‘ब्रदर’ ही सगळी मंडळी एका कुळातली. ग्रीकमध्येही ‘फ्रातेर’ होता, पण तो कुळगटाचा सभासद होऊन बसला. आपण सभेत ‘बंधूंनो’ म्हणतो, तसा तो इतका पसरला की सख्ख्या भावासाठी उरला नाही. मग ग्रीकांनी ‘आदेल्फोस’ पुढे केला, एकाच गर्भातला. संस्कृतातला ‘सगर्भ्य’ त्याच्यासमोर ठेवा, घडण तीच. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या नावात हाच गर्भ दडलेला आहे.

गर्भ आला की नाभी यायचीच. डेल्फी पृथ्वीचं केंद्र म्हणून तिथं ‘ओम्फालोस’ नावाचा दगड ठेवलेला असे. ओम्फालोस म्हणजे बेंबी, आणि तो ‘नाभी’चा सगोत्र. पूथिया बसत असे ती ‘त्रिपूस’वर, तीन पायांच्या आसनावर. त्रिपाद, तिपाई, तिवई. त्या तिपाईलाच इंग्रजांनी ‘टीपॉय’ केलं, आणि आपण चहाचा काही संबंध नसताना तिच्यावर चहा ठेवू लागलो. एका बाबतीत मात्र ग्रीक आपल्यापासून फुटून निघतात. आपल्या देवळाचं आतलं दालन ‘गर्भागार’, म्हणून गाभारा. डेल्फीच्या गावाच्या नावात गर्भ असूनही तिथल्या आतल्या दालनाचं नाव ‘आदूतोन’, जिथं शिरायचं नाही ते.

शिरायला मिळालं ते थेट पुरातत्त्ववाल्यांना, आणि तेही सहजी नाही. देवळाच्या अवशेषांवर कास्त्री नावाचं गाव वसलेलं होतं. नाव लॅटिन ‘कास्त्रुम’ म्हणजे किल्ला, यावरून आलेलं. जुनं नाव तिथल्या जिभेवरून पुसलं गेलं होतं. 1891 मध्ये फ्रान्सला उत्खननाचा हक्क मिळाला. त्या सौद्यात बेदाणे होते. ग्रीसला आपल्या कोरिंथच्या बारीक काळ्या बेदाण्यांवरची फ्रेंच जकात कमी करून हवी होती. (इंग्रजी ‘करंट’ म्हणजे हे ‘कोरिंथ’च, आपला ‘बेदाणा’ फारसी, बी नसलेला.) 1892 मध्ये तेओफिल ओमोल यांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, सैनिक आणावे लागले. घरं पाडून गाव थोडं पलीकडे हलवलं. त्या नव्या गावाला डेल्फी म्हणतात.

देवळाखालच्या जमिनीत एक भोक असल्याचं जुन्या लेखकांनी लिहून ठेवलं होतं. डायोडोरस ‘खास्मा’ म्हणतो, म्हणजे आ वासलेली भेग. बकऱ्या तिथं जाऊन विचित्र उड्या मारू लागल्या म्हणून जागेचा शोध लागला, अशी त्याची कथा. स्ट्रॅबो खोल गुहा आणि तिच्यातून येणारं ‘प्न्यूमा’ सांगतो, म्हणजे वारा, श्वास. प्लुटार्क तिथं स्वतः पुजारी होता. कधीमधी येणाऱ्या गोड वासाबद्दल त्यानं लिहिलं आहे. देवळाचा पाया उघडा पडला तेव्हा अशी भेग कुठेच दिसली नाही. त्यानंतर बरीच वर्षं वाऱ्याची गोष्ट भाकडकथा ठरली. 2001 मध्ये भूशास्त्रज्ञ येला दे बूर, पुरातत्त्वज्ञ जॉन हेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की देवळाखाली दोन भूभ्रंश एकमेकांना छेदतात आणि झऱ्याच्या पाण्यात गुंगी आणणाऱ्या इथिलीन वायूचा अंश आहे. 2006 मध्ये एत्योपे आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं: गुंगी यावी इतकं इथिलीन तिथं निघणं शक्य दिसत नाही. मला यात वायूपेक्षा शब्दाचा जोर जास्त दिसतो. ‘खास्मा’ वाचलेल्या माणसाला भोक हवंच असतं. ते जमिनीवर नसलं तर तो जमिनीखाली शोधतो.

ज्याच्याबद्दल कुणी पुराण सांगितलं नव्हतं ते मात्र भिंतीवर उघडं होतं. देवळाच्या चौथऱ्याला आधार देणारी मोठी भिंत वेड्यावाकड्या आकाराचे दगड एकमेकांत बसवून बांधलेली आहे, आणि तिच्यावर बारीक अक्षरात शेकडो करार कोरले आहेत. गुलामांच्या मुक्ततेचे. पण त्यांत मालक गुलामाला ‘मुक्त करतो’ असं लिहीत नाही, ‘अपोलोला विकतो’ असं लिहितो. पैसे गुलामानंच साठवलेले. गुलामाला स्वतःला विकत घेण्याचा कायदेशीर हक्क नाही, म्हणून देव गिऱ्हाईक होतो, आणि देवाच्या मालकीचा माणूस दुसऱ्या कुणाच्या मालकीचा राहत नाही. मराठीत ‘देवाला सोडलं’ म्हटलं की मुरळी डोळ्यापुढे येते, आणि तिची सुटका होत नसे. तिथं देवाला विकलं की माणूस सुटत असे.

सुटत असे हे मी फार घाईनं म्हटलं. अनेक करारांत पुढे एक कलम येतं, ‘पारामोने’, जवळ राहणं. मालक किंवा मालकीण हयात असेपर्यंत सुटलेल्यानं तिथंच राहून सांगितलेलं सगळं करायचं. कुचराई केली तर मार देण्याचा हक्क मालकाकडे. काही ठिकाणी तर मुलं वाढवून देण्याची अट आहे. काहींच्या बाबतीत याच अटीतून सुटल्याचा दुसरा लेख पुढे कोरलेला सापडतो. त्याला ‘आपोलूसिस’ म्हणत, गाठ सोडणं, आणि त्याचे पैसे पुन्हा वेगळे मोजावे लागत.