सेरोटोनिन, एलएसडी आणि एका वाचनाचा इतिहास

ऑल्डस हक्सलीने मे १९५३ मध्ये हंफ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली मेस्कॅलिन घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याचे ‘द डोअर्स ऑफ पर्सेप्शन’ प्रसिद्ध झाले. या पुस्तकातील एक प्रतिमा वाङ्मयाच्या वर्गात वारंवार भेटते: मेंदू ही जाणिवेचा ओघ आवळून धरणारी झडप आहे आणि मेस्कॅलिनने ती सैल होते. प्रतिमेमागचा विचार बर्गसाँचा, सी. डी. ब्रॉड यांच्या मार्गाने हक्सलीपर्यंत आलेला. पण झडप सैल होते कशाने? हक्सलीच्या मते मेंदूला होणारा साखरेचा पुरवठा घटल्याने. हे स्पष्टीकरण टिकले नाही. प्रतिमा मात्र टिकली, आणि आम्हां शिकवणाऱ्यांच्या तोंडी तर ती सिद्ध वस्तुस्थितीसारखी येते.

त्याच १९५३ साली एडिंबरा येथे जॉन गॅडम हे औषधशास्त्रज्ञ याच कोड्याकडे फार वेगळ्या वाटेने निघाले होते. त्यांच्यापुढे होती उंदराच्या गर्भाशयाच्या स्नायूची पट्टी. सेरोटोनिन हे द्रव्य १९४८ साली क्लीव्हलंड येथे रक्तद्रवातून वेगळे करण्यात आले होते. ते मेंदूतही असते हे बेटी ट्वॅरॉग आणि अर्विन पेज यांनी १९५३ मध्ये दाखवले. सेरोटोनिनने ती पट्टी आकुंचन पावे. अत्यल्प एलएसडी मिसळले की आकुंचन थांबे. हे एलएसडी अल्बर्ट हॉफमनने बाझेलच्या सँडोझ कंपनीत १९३८ साली अरगट या धान्यावरील बुरशीच्या अर्कद्रव्यांपासून घडवले होते, आणि त्याचा मनावरील परिणाम १९४३ मध्ये स्वतःवरच अनुभवला होता. गॅडम यांनीही ते स्वतः घेऊन पाहिले. त्यांचा तर्क सरळ होता: सेरोटोनिन मनाचा तोल राखत असावे, आणि एलएसडी त्याची वाट अडवीत असावे. न्यूयॉर्कच्या वूली आणि शॉ यांनी १९५४ मध्ये असाच विचार मांडला.

‘अडवणे’ हे क्रियापद येथे स्नायूवरून उचलून मनावर ठेवले गेले. आम्हांला हे एका संहितेचा अर्थ दुसऱ्या संहितेवर लादण्यासारखे वाटते. मात्र फरक असा, की हे वाचन खोटे ठरवता येण्याजोगे होते, आणि ते लवकरच अडचणीत आले. एलएसडीच्या रेणूत ब्रोमिनचा एक अणू बसवला की तयार होणारे ब्रोमो-एलएसडी स्नायूवर सेरोटोनिनला तितक्याच समर्थपणे अडवते. पण ते घेणाऱ्याला भास होत नाहीत. अडवणूक हेच कारण असते, तर हे घडते ना!

उलगडा होण्यास तीसेक वर्षे लागली. सेरोटोनिन पेशीच्या ज्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरांना, चिकटते ते एकाच जातीचे नाहीत, हे गॅडम आणि पिकारेली यांनी १९५७ मध्ये गिनीपिगच्या आतड्यावर दाखवले. मेंदूतील दोन जाती पेरूत्का आणि स्नायडर यांनी १९७९ मध्ये वेगळ्या काढल्या. मग १९८४ मध्ये ग्लेनन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अशी द्रव्ये दुसऱ्या जातीच्या ग्राहीला जितकी घट्ट चिकटतात, तितकी त्यांची मात्रा माणसाला कमी पुरते. या जातीतील ‘२ए’ हा उपप्रकार मेंदूच्या बाह्यपटलात विपुल आहे. एलएसडी त्याला अडवीत नाही, उद्दीपित करते. क्रियापदच उलटे निघाले. झुरिकमध्ये १९९८ साली फोलेनवायडर यांच्या गटाने स्वयंसेवकांना आधी केटान्सेरिन हे २ए-रोधक दिले. त्यानंतर सायलोसायबिनचे भास उमटले नाहीत.

एलएसडीचा अंमल इतके तास का टिकतो, याचेही चित्र २०१७ मध्ये हाती आले. २ए चा जवळचा भाऊबंद असलेल्या २बी ग्राहीत एलएसडीचा रेणू बसला की ग्राहीचाच एक भाग झाकणासारखा त्यावर येतो आणि रेणू सहज सुटत नाही. हक्सलीची झडप उघडणारी, हे झाकण मिटणारे. साम्य शोधण्याचा मोह आम्ही आवरतो.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र झुरिकमधील २०१७ चाच दुसरा प्रयोग जरूर पाहावा. सहभागी व्यक्तींना त्यांना प्रिय असलेली आणि त्यांच्या लेखी निरर्थक असलेली गाणी ऐकवण्यात आली. एलएसडी घेतल्यावर निरर्थक गाणीही अर्थपूर्ण वाटू लागली. आधी केटान्सेरिन दिलेले असता ती पुन्हा निरर्थकच राहिली.