कठीण खेळाकडे प्रौढपणी परतणे : 'निब्लर' आणि टिम मॅकव्हे (१९८४ ते २०११)

प्रस्तावना :

व्हिडिओ गेमचा इतिहास बहुधा यंत्रे तयार करणाऱ्या कंपन्या, त्यांचे रचनाकार आणि विक्रीचे आकडे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. खेळणारा त्यात क्वचित येतो आणि आलाच तर शाळकरी वयातच थांबतो. प्रत्यक्षात १९८० च्या दशकात आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनात, रमलेली मुले मोठी झाली, नोकरी-संसाराला लागली आणि त्यांतील काही जण वीस-पंचवीस वर्षांनी त्याच यंत्रासमोर पुन्हा उभे राहिले. बालपणीच्या गावी परतलेल्या माणसाला गावही बदललेले दिसते. आर्केडच्या यंत्रात मात्र १९८२ मध्ये भरलेला कार्यक्रम २०११ मध्येही जसाच्या तसा चालतो. त्यामुळे जे बदल जाणवतात ते खेळणाऱ्यात आणि त्याच्या भोवतालच्या समाजात झालेले असतात. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ओटम्वा या लहान शहरातील टिम मॅकव्हे आणि 'निब्लर' हा खेळ यांच्या आधारे या परतण्याचा ऐतिहासिक अर्थ तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कठीणपणाचे अर्थकारण :

आर्केडमधील खेळ कठीण असत, यामागे व्यवहार होता. जपानच्या टायटो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ मध्ये आला, त्यानंतर १९७९ मध्ये अटारीचा 'अ‍ॅस्टेरॉइड्स' आणि १९८० मध्ये नामकोचा 'पॅक-मॅन'. या सर्वांचे उत्पन्न एकाच गोष्टीवर अवलंबून होते : एका नाण्यात खेळणारा किती वेळ यंत्र अडवून ठेवतो. खेळ फार सोपा असेल तर यंत्र एकाच मुलाच्या ताब्यात राही. फार अवघड असेल तर मुलगा दुसरे नाणे टाकत नसे. म्हणून सुरुवात सोपी ठेवून पुढे वेग वाढवत नेणे ही रचनेची सर्वमान्य रीत झाली. अनेक यंत्रांच्या आत लहान स्विच बसवलेले असत; त्यांच्या साहाय्याने दालनाचा मालक खेळाडूला मिळणाऱ्या संधींची संख्या आणि खेळाची अवघडता बदलू शकत असे. विल्यम्स कंपनीचा 'डिफेंडर' (१९८१) एक जॉयस्टिक आणि पाच बटणे यांमुळे नवख्याला काही क्षणांतच बाहेर काढी. तरीही तो लोकप्रिय ठरला. थोडक्यात, मुलाच्या दृष्टीने जे आव्हान होते, ते मालकाच्या दृष्टीने वेळेचे भाडे होते.

'निब्लर' हा १९८२ मधील खेळ ज्यूकबॉक्ससाठी प्रसिद्ध असलेल्या शिकागोच्या रॉक-ओला कंपनीने काढला. त्यात एक साप चक्रव्यूहातून फिरत ठिपके खातो आणि प्रत्येक घासागणिक लांब होत जातो. शत्रू कोणीही नाही. सापाने स्वतःच्याच अंगावर धडकू नये, एवढाच नियम, आणि त्याला वेळेची मर्यादा. या यंत्राचे वेगळेपण गुणफलकात होते. त्यावर नऊ अंकांची सोय होती. म्हणजे एक अब्ज गुण झाले की फलक पुन्हा शून्यावर येणार होता. मालकाच्या हिशेबात न बसणारे एक टोक अशा रीतीने कंपनीनेच खेळाडूंपुढे ठेवले.

ओटम्वा आणि अब्जाची शर्यत :

वॉल्टर डे यांनी १० नोव्हेंबर १९८१ रोजी ओटम्वा येथे 'ट्विन गॅलेक्सीज' नावाचे आर्केड उघडले. पुढे त्यांनी देशभरातील उच्चांकांची नोंद ठेवण्यास सुरुवात केली आणि हे लहानसे दालन विक्रमांचे नोंदणी-केंद्र बनले. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये 'लाइफ' मासिकाच्या छायाचित्रासाठी निवडक खेळाडू येथे जमले. शहरानेही या ओळखीचा अभिमान बाळगला आणि स्वतःला व्हिडिओ गेमची जागतिक राजधानी म्हणवून घेतले.

याच काळात इतरत्र या दालनांकडे संशयाने पाहिले जात होते. टेक्सासमधील मेस्किट शहराने सतरा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय आर्केडमध्ये प्रवेश नाकारणारा नियम केला होता. तो वाद १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फिलिपिन्समध्ये १९८१ मध्ये व्हिडिओ गेमवर बंदी आली. भारतातही परवाना आणि नियंत्रणाचा प्रश्न एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्याच्या रूपाने १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला. ओटम्वाचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर लक्षात येते. जे अन्यत्र मुलांचे बिघडणे मानले गेले, त्याला या शहराने गौरवाचे स्थान दिले.

अब्जाचा पहिला मोठा प्रयत्न माँटाना राज्यातील टॉम असाकी याने १९८३ मध्ये ओटम्वात केला. तो लक्ष्याच्या अलीकडेच थांबला. त्यानंतर सोळा वर्षांच्या टिम मॅकव्हे याने १७ जानेवारी १९८४ रोजी १,००,००,४२,२७० गुण नोंदवले. पाव डॉलरच्या एका नाण्यावर त्याने चाळीस तासांहून अधिक काळ खेळ चालू ठेवला होता. या खेळात जादा साप मिळत जातात. ते साठवून ठेवायचे आणि काही साप मरू देऊन तेवढ्या वेळात विश्रांती घ्यायची, ही युक्ती अशा मॅरेथॉनचा आधार होती. २८ जानेवारी १९८४ हा दिवस ओटम्वाने 'टिम मॅकव्हे दिन' म्हणून साजरा केला.

अस्त आणि अंतर :

हा गौरव नेमका एका युगाच्या शेवटी झाला. १९८३ पासून अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळू लागला होता. ट्विन गॅलेक्सीजचे दालन मार्च १९८४ मध्ये, म्हणजे मॅकव्हेच्या विक्रमानंतर दोन महिन्यांच्या आत, बंद पडले. उच्चांकांची नोंदवही तेवढी चालू राहिली. ज्या जागेत आणि ज्यांच्या साक्षीने तो विक्रम झाला, ती जागा आणि तो समुदाय दोन्ही विखुरले. सप्टेंबर १९८४ मध्ये इटलीतील एन्रिको झानेत्ती या मुलाने १,००,१०,७३,८४० गुण मिळवल्याचे सांगितले गेले. मात्र ट्विन गॅलेक्सीजच्या नोंदींत हा आकडा अधिकृत ठरला नाही. मॅकव्हेपर्यंत ही वार्ता पोहोचली तेव्हा ते प्रौढ झाले होते.

दरम्यान जुने खेळ नव्या मार्गांनी परत येत होते. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये 'मेम' हा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्यामुळे आर्केडचे खेळ घरच्या संगणकावर चालू लागले. संग्राहक मूळ यंत्रे दुरुस्त करून घरात ठेवू लागले. नाण्याची गरज संपली आणि त्याबरोबर अवघडपणाचे मूळ आर्थिक कारणही संपले. खेळ मात्र तितकाच अवघड राहिला.

पुनरागमन :

आपला विक्रम पंचवीस वर्षांपूर्वीच मोडला गेला असावा, हे कळल्यावर मॅकव्हे पुन्हा 'निब्लर'कडे वळले. त्यांचे अनेक प्रयत्न फसले. सोळाव्या वर्षी जे जागरण सहज निभावले होते, ते चाळिशीनंतर सर्वांत मोठा अडथळा ठरले. अखेर २५ डिसेंबर २०११ रोजी त्यांनी १,०४,१७,६७,०६० गुण नोंदवले. त्यापूर्वी त्याच वर्षी रिक कार्टर यांनी १,००,२२,२२,३६० गुण मिळवून मॅकव्हे यांचा जुना आकडा अधिकृतपणे मागे टाकला होता. या साऱ्या प्रवासावरील 'मॅन व्हर्सेस स्नेक' हा माहितीपट २०१५ मध्ये आला. त्यात झानेत्ती यांचीही बाजू येते.

या पुनरागमनात पुराव्याचा प्रश्न मध्यवर्ती आहे. १९८४ मध्ये विक्रमाचा आधार म्हणजे दालनातील साक्षीदार आणि नोंदवहीचा शब्द. मॅकव्हेच्या बाबतीत नोंदवही त्याच्याच गावात होती. झानेत्तीच्या बाबतीत ती महासागरापलीकडे होती. दोन मुलांनी जवळजवळ एकच पराक्रम केला असेल, तरी एकाच्या नावाने शहराने दिवस साजरा केला आणि दुसऱ्याला पाव शतक मान्यतेविना काढावे लागले. हा भेद कौशल्यापेक्षा नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या जवळिकीचा अधिक होता. एकविसाव्या शतकात संपूर्ण खेळाचे चित्रीकरण आणि यंत्राची तपासणी आवश्यक झाली, तेव्हा विक्रम साक्षीदारांच्या गावापासून मोकळा झाला. मॅकव्हे यांनी न पडताळलेला प्रतिस्पर्ध्याचा आकडा नाकारून स्वस्थ बसण्याऐवजी तोही ओलांडण्याचे ठरवले, यात एका परीने झानेत्ती यांच्या दाव्याचा सन्मानच झाला.

प्रत्येकाला परतण्याची संधी मिळाली नाही. 'अ‍ॅस्टेरॉइड्स'चा स्कॉट सॅफ्रन याने १९८२ मध्ये नोंदवलेला ४,१३,३६,४४० गुणांचा विक्रम २०१० मध्ये जॉन मॅकअ‍ॅलिस्टर यांनी मोडला. मधल्या काळात सॅफ्रनचा शोध घेतला गेला तेव्हा १९८९ मध्येच त्याचे निधन झाल्याचे समजले. त्याचा आकडा त्याच्यावाचून एकवीस वर्षे टिकला.

समारोप :

आर्केडमधील अवघडपणा मुळात नाणे मिळवण्यासाठी घडवला गेला. मुलांनी त्याला प्रतिष्ठेचे माप बनवले आणि एका गावाने ते मान्य केले. दालने बंद झाली, नाणी गेली, तरी माप उरले. प्रौढपणी परतणारा खेळाडू त्याच मापाने स्वतःचे वय, सहनशक्ती आणि स्मरण तपासतो. यंत्र स्थिर असल्यामुळे ही तपासणी कठोर असते, कारण तेथे सबबीला जागा नसते. मॅकव्हे यांच्या उदाहरणावरून असे म्हणता येते की, हे परतणे केवळ गतकाळाच्या ओढीतून झालेले नाही. सोळाव्या वर्षी मिळालेला मान खरोखर आपलाच होता का, हा प्रश्न त्यामागे होता. त्याचे उत्तर देण्यास साक्ष देणारे दालन शिल्लक नव्हते. ते त्यांना पुन्हा त्याच यंत्रासमोर बसून मिळवावे लागले. व्हिडिओ गेमच्या इतिहासलेखनात यंत्रांबरोबर त्यांच्यासमोर वाढलेल्या माणसांच्या आयुष्यालाही स्थान मिळणे म्हणूनच आवश्यक ठरते.