हैदराबादचें क्लोरोफॉर्म-कमिशन आणि साक्षीचा प्रश्न

नरडाणा हें शिंदखेडें तालुक्यांतील गांव मुंबई-आग्रा मार्गावर असून ताप्तीखोऱ्यांतील लोहमार्गाचें स्टेशनही तेथें आहे. असल्या वाटेवरच्या गांवीं दप्तरें पाहूं जातां देण्याघेण्याच्या वह्यांबरोबर वैद्यकीचीं बाडेंही हातीं लागतात. संग्राहक तीं बहुधा बाजूस सारतात, कारण त्यांत राजकारण नसतें. ही चाल आम्हांस योग्य वाटत नाहीं. शस्त्रक्रियेच्या इतिहासांत पुराव्यासंबंधीं असा एक प्रसंग घडलेला आहे, कीं पोथ्या ताडून पाहणारानें तो अवश्य ध्यानीं घ्यावा; आणि तो घडला खानदेशाच्या शेजारच्या, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडून पसरलेल्या निजामी राज्याच्या राजधानींत.

पूर्वस्थिति कळण्यास एकच दाखला पुरे. टिपूच्या लोकांनीं नाक कापलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानाचें नाक पुण्याकडील एका कुंभारानें (कोणी त्यास वीटकरी म्हणतात) कपाळाची कातडी वळवून नवें केलें. दोघां इंग्रज डॉक्टरांनीं ती क्रिया पाहिली व १७९४ च्या आक्टोबरांत तिचा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें छापून आला. इथर किंवा क्लोरोफॉर्म हुंगवून शस्त्र चालविण्याची युक्ति निघण्यास तेव्हां अर्धें शतक अवकाश होता.

ती निघाली १८४६ सालीं बोस्टन येथें, इथरच्या रूपानें. पुढील वर्षाच्या नोव्हेंबरांत एडिंबरोच्या सिम्सननें क्लोरोफॉर्म पुढें आणलें. आणि तीन महिने लोटतात न लोटतात तोंच, २८ जानेवारी १८४८ रोजीं, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचें नख काढतांना त्याच्या अमलाखालीं मरण पावली. वादास तेथूनच तोंड फुटलें. सिम्सन म्हणे, मुलीस शुद्धीवर आणण्यासाठीं पाजलेलें पाणी व ब्रँडी तिला भोंवली. लंडनचा जॉन स्नो म्हणे, दाट वाफेनें हृदय एकाएकीं थांबलें. एडिंबरोच्या साइमचे शिष्य श्वासाकडे पाहण्यास सांगत. लंडनकर नाडी सोडूं नका म्हणत.

या साइमचा शिष्य एडवर्ड लॉरी हा हैदराबादेस रेसिडेन्सी सर्जन होता. हजारों रोग्यांस क्लोरोफॉर्म दिलेला हा मनुष्य. नाडी पाहण्याची गरजच नाहीं, अशी त्याची खात्री होती. त्याच्या पुरस्कारानें १८८८ सालीं पहिलें कमिशन बसलें व त्यानें गुरूचेंच मत उचलून धरलें. लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रानें शंका काढतांच निजाम मीर महबूब अलीखान यांनीं १००० पौंड देऊन त्या पत्राचाच प्रतिनिधि बोलाविला. लॉडर ब्रंटन हा नामांकित औषधशास्त्रज्ञ १८८९ च्या आक्टोबरांत आला. त्याची पूर्वींची समजूत लॉरीच्या उलट होती, हें विशेष. कुत्रीं, माकडें इत्यादि ४०० हून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. रक्तदाबाचे आलेख घेण्यांत आले. आणि ब्रंटननें आपलें मत फिरविलें. धोका श्वास कोंडण्याचा किंवा मात्रा अतिरिक्त होण्याचा. हृदयावर थेट घाला येत नाहीं, असा निर्णय झाला. दोन्ही कमिशनांचा अहवाल १८९१ सालीं मुंबईस टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यांत छापला गेला. ती प्रत कोणाच्या संग्रहीं असल्यास तिचें मोल ओळखावें.

येथें आमचा मुद्दा येतो. ब्रंटन अप्रामाणिक नव्हता, लॉरीही नव्हता. पण धडधाकट जनावर घेऊन श्वास थांबेपर्यंत औषध देत गेल्यास श्वासच आधीं थांबावयाचा. रोगी मेजावर भेदरलेला, बेशुद्धि अर्धवट आणि शस्त्र मात्र लागलेलें, अशा वेळीं नाडी एकाएकीं नाहींशी झाल्याचे वृत्तांत ठिकठिकाणचे डॉक्टर लिहीत होते. ते 'निरीक्षणाची चूक' म्हणून दूर सारण्यांत आले. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या शंभर पोथ्या म्हणजे शंभर साक्षी नव्हेत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. चारशें जनावरें ही एकाच प्रश्नाचीं चारशें उत्तरें होतीं.

१८९३ सालीं गॅस्केल व शोअर यांनीं क्लोरोफॉर्मचा परिणाम हृदयावर थेट होतो असें दाखविलें. आणि १९११ सालीं लेव्हीनें मांजरांवरील प्रयोगांनीं सिद्ध केलें, कीं हलक्या गुंगींतच हृदयाचे ठोके विस्कळित होऊन तें फडफडत बंद पडूं शकतें. भिऊन किंवा उत्तेजित होऊन शरीरांत सुटणारा रस त्यास कारण होतो. म्हणजे ज्या साक्षी टाकून दिल्या, त्याच खऱ्या होत्या. मधल्या वीस-बावीस वर्षांत कित्येक भूल देणारांनीं कमिशनच्या भरंवशावर नाडीवरील बोट काढलें असेल! तथापि लॉरीची एक शिकवण टिकली. श्वासावरील लक्ष आजही कोणी सोडीत नाहीं, मात्र हृदयावरील लक्षही त्याबरोबर असतें. ग्रीनरच्या मृत्यूचें कारण तर अद्याप वादग्रस्तच आहे.

याच कमिशनशीं, भूल देणाऱ्या आद्य स्त्रियांपैकीं एक, हैदराबादच्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी, यांचें नांव जोडलें जातें, हेंही जातां जातां नमूद करितों.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच. वैद्यकीच्या बाडांत, दवाखान्याच्या जुन्या वहींत किंवा घरगुती पत्रांत शस्त्रक्रियेची हकीकत आढळल्यास रोगी जगला कीं दगावला एवढेंच टिपून घेऊं नये. औषध कोणी हुंगविलें, शस्त्र केव्हां लागलें, आधीं श्वास गेला कीं नाडी, रोगी भ्याला होता काय, हें शब्दशः उतरून घ्यावें. मोडींत लिहिलेलें विलायती औषधाचें नांव लागत नसल्यास आपल्या तर्कानें भरूं नये; अक्षरें दिसतात तशींच काढावीं व मूळ पान जपून ठेवावें.