चाचणीनंतर काय? : एक प्रस्तावना

विशेष गरजा असलेल्या मुलाच्या घरी एक जाडजूड फाइल असते. तिच्यात प्रसूतीच्या वेळचे कागद, ईईजी, श्रवणचाचणीचा आलेख, शाळेची प्रगतिपुस्तके आणि मानसशास्त्रज्ञाचा अहवाल असतो. त्या अहवालातली एकच ओळ घरातल्या सगळ्यांना पाठ असते : बुद्ध्यांक अमुक. उरलेली पाच-सात पाने सहसा कोणी उघडत नाही. खरे तर मुलाच्या उद्याच्या दिवसासाठी जे उपयोगाचे आहे, ते त्या पानांतच असते. या क्षेत्राच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वाचकाला, मग तो पालक असो, शिक्षक असो किंवा बी.एड.चा विद्यार्थी, त्या पानांपर्यंत नेणे हे या प्रस्तावनेचे काम आहे.

मेंदूचे कार्य आणि माणसाचे वर्तन यांचा संबंध शोधणारी शाखा म्हणजे न्यूरोसायकॉलॉजी. मुलांच्या बाबतीत तिचा प्रश्न अगदी व्यवहारी असतो : हे मूल नेमके कुठे अडते, आणि कशाच्या आधारे पुढे जाऊ शकते? लक्ष, स्मरण, भाषा, आकार व जागेची जाण, हातांचा वेग, आणि ठरवणे-थांबणे-बदलणे ही कार्यकारी कौशल्ये यांतल्या प्रत्येकाची वेगळी पाहणी करून एक नकाशा तयार करायचा, हे तिचे तंत्र.

समजा, तिसरीतल्या दोन मुलांचा बुद्ध्यांक नव्वदच आला आणि दोघांनाही धडा वाचता येत नाही. पहिल्याला ‘कमळ’मधला पहिला आवाज काढून टाकला तर काय उरते, हे सांगता येत नाही, शब्दाचे ध्वनी त्याला सुटे करता येत नाहीत. दुसऱ्याला ते सहज जमते, पण दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्याचे लक्ष उडते. पहिल्याला ध्वनींचे खेळ आणि अक्षर-आवाजाची पायरीपायरीने ओळख हवी. दुसऱ्याला छोटे उतारे, मधले थांबे आणि भिंतीजवळच्या बाकाऐवजी शिक्षकांजवळचा बाक हवा. एका आकड्याने ही दोन मुले एकसारखी ठरवली होती. नकाशाने त्यांना वेगळे केले.

चांगले मूल्यमापन एका बैठकीत उरकत नाही. आधी डोळे आणि कान तपासले जातात, कारण ऐकू कमी येणाऱ्या मुलाला ‘मंद’ ठरवण्याची चूक अजूनही होते. मग आईवडिलांशी बोलणे : बाळ जन्मल्यावर लगेच रडले का, कावीळ किती दिवस होती, आकडी आली होती का, पहिला शब्द कधी, पहिले पाऊल कधी. मग शाळेच्या वह्या पाहायच्या. लाल शाईच्या खाली मुलाच्या चुकांची एक शिस्त दडलेली असते आणि ती चाचणीइतकीच बोलकी असते. त्यानंतर चाचण्या, दोन-तीन सकाळी विभागून, मूल ताजेतवाने असताना. शेवटी पालकांना समोर बसवून निष्कर्ष समजावून सांगणे. हा शेवटचा भाग घाईत झाला, तर आधीचे सगळे कष्ट फुकट जातात.

या शास्त्राची मराठी मुलखातली परंपरा आपल्याला वाटते त्याहून जुनी आहे. आल्फ्रेड बिने यांनी पॅरिसमध्ये १९०५ साली पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, तीही शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. तिला मराठी आणि कन्नड मुलांच्या अनुभवाशी जुळवून घेण्याचे काम धारवाडकडच्या वि. वि. कामत यांनी केले. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. आजही दवाखान्यात ‘बिने-कामत’ हे नाव ऐकू येते, ते त्यांचेच. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीचे भारतीय रूप नागपूरच्या ए. जे. मलिन यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले, आणि मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, दुकानातून वस्तू आणते का, हे पाहणारी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मोजणीही त्यांनीच आपल्याकडे आणली. तान्ह्या बाळांच्या विकासाची मोजणी डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बाळांच्या अभ्यासातून घडवली. तिची सुधारित आवृत्ती १९९७ मध्ये पुण्यात झाली, आणि आज ती ‘दासी’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी तिच्यात हालचालींची ६७ आणि मानसिक विकासाची १६३ निरीक्षणे आहेत. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी न्यूरोसायकॉलॉजीचा स्वतंत्र चाचणीसंच २००४ मध्ये प्रसिद्ध केला.

कामतांपासून निमहान्सपर्यंतच्या या सगळ्या मंडळींनी एक गोष्ट ओळखली होती : परदेशी चाचणीचे भाषांतर केले म्हणून ती आपली होत नाही. आपल्या मुलांवर ती पुन्हा बसवावी लागते, त्यांची मानके ठरवावी लागतात, आणि तीही अधूनमधून बदलावी लागतात. जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले की, पिढ्यांगणिक चाचणीतले गुण वाढत जातात. म्हणजे जुन्या मानकांवर आजचे शहरी मूल मोजले, तर त्याचा आकडा फुगण्याची शक्यता असते. उलट ज्याच्या घरची भाषा वेगळी आणि शाळा तुटक, त्या मुलाचा आकडा त्याच्या कुवतीपेक्षा खाली येतो. एकाच चाचणीत दोन विरुद्ध दिशांच्या चुका संभवतात, आणि कोणती कुठे झाली, हे तपासणाऱ्यालाच ओळखावे लागते.

उदाहरणार्थ, नाशिक जिल्हा या दुसऱ्या चुकीचा मोठा पट समोर ठेवतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या तालुक्यांत घरात कोकणा, वारली, भिल्ल बोली चालतात. बागलाण-मालेगाव पट्ट्यात अहिराणी. मालेगावच्या अनेक शाळांत उर्दू. सुरगाण्या-पेठेतली कुटुंबे द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला येतात आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. अशा मुलाला प्रमाण मराठीत ‘या दोन गोष्टींत सारखे काय?’ असे विचारले आणि ते गप्प राहिले, तर आपण नेमके काय मोजले?

रशियन शास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांना हा प्रश्न १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात भेटला. शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका दाखवून विचारले : यांतले वेगळे कोणते? लुरियांना अपेक्षित उत्तर ओंडका, कारण बाकीची तीन हत्यारे. शेतकऱ्यांनी ओंडका बाजूला काढायला नकार दिला. तोडायला लाकूडच नसेल, तर हत्यारे घेऊन करायचे काय? शाळा शिकलेल्यांनी मात्र हत्यारांचा गट सहज केला. लुरियांना त्यातून विचारांच्या सवयीवर शाळेचा आणि जगण्याचा किती प्रभाव असतो, हे दिसले. पुढे दुसऱ्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर काम करून त्यांनीच आधुनिक न्यूरोसायकॉलॉजीचा पाया भक्कम केला. हिवाळ्यात द्राक्षबागेत राहणाऱ्या मुलीची चाचणी घेताना तो ओंडका ध्यानात ठेवायला हवा. निदानाचे निकषही हेच बजावतात : शिकायची संधीच न मिळाल्याने वाचन मागे पडले असेल, तर त्याला अध्ययन अक्षमता म्हणता येत नाही. त्या मुलीला आधी शाळा हवी.

भाषा स्वतःही मुलाकडून वेगवेगळी कामे करून घेते. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दोन आधी मांडतो. ‘एकोणतीस’ ऐकून तीसमधून एक कमी करावा लागतो. ज्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे माहिती मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, तोकडी आहे, त्या मुलासाठी ही उलटापालट प्रत्येक बेरजेत आडवी येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर टीका झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा संख्यानामांतली जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांचाच मुद्दा मांडला होता. वादात कोण बरोबर, हे बाजूला ठेवू; पण अंकात अडखळणाऱ्या मुलासोबत बसलेल्या विशेष शिक्षकाला तो मुद्दा रोज दिसतो. देवनागरीचेही तसेच. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात नंतर. ‘सूर्य’मधला र् उच्चारात य च्या आधी येतो आणि लिहिताना य च्या डोक्यावर बसतो. आपल्या लिपीत अक्षर आणि आवाज बहुतेक ठिकाणी जुळतात, त्यामुळे मराठीतली वाचनाची अडचण पुष्कळदा चुकीच्या वाचनापेक्षा रखडलेल्या वाचनातून दिसते. इंग्रजीसाठी बनवलेल्या याद्या इथे जशाच्या तशा लावल्या, तर हे रखडणे नजरेतून निसटते.

आता कायद्याकडे वळू. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती संख्या २१वर नेली, आणि स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना त्या यादीत स्पष्ट जागा मिळाली. महाराष्ट्राने मात्र १९९६पासूनच अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालेय परीक्षांत सवलती द्यायला सुरुवात केली होती : वाढीव वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर. प्रमाणपत्राचे महत्त्व त्यामुळे मोठे आहे, आणि त्याचा एक धोकाही आहे. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी किमान आठ वर्षांचे वय ठरवले. म्हणून पहिलीतल्या अडखळणाऱ्या मुलाला तिसरीपर्यंत थांबवून ठेवायचे का? सवलतीसाठी कागद लागतो. शिकवण्याची पद्धत बदलायला लागत नाही. लहान वयात ओळख व्हावी म्हणून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यातली पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. अंगणवाडीताईंचे ‘हे बाळ हाक मारली तरी बघत नाही’ हे साधे वाक्य या साखळीची पहिली कडी असते.

आणि साखळीच्या पुढच्या कड्या? नाशिकने या प्रश्नाचे उत्तर मोठ्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेच्या आधी, पालकांच्या पुढाकारातून शोधले. रजनीताई लिमये यांनी आपल्या घरातल्या गरजेतून १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना बटण लावणे, पैसे मोजणे, रांगेत उभे राहणे हे शिकवण्याचे विषय मानणारी ती शाळा. मुले मोठी झाली, तसा कामाचा प्रश्न आला आणि कार्यशाळेची गरज उभी राहिली. आईवडील म्हातारे झाल्यावर मुलीने कुठे राहायचे, या प्रश्नातून पिंपळगाव बहुलाजवळचे ‘घरकुल’ उभे राहिले. अहवाल वाचताना हा लांबचा पल्ला डोळ्यांपुढे असावा. आठ वर्षांच्या मुलाचे मूल्यमापन करताना, अठ्ठाविसाव्या वर्षी तो काय करू शकेल याची तयारी आज कुठून सुरू होते, हे विचारले पाहिजे.

वर्गातली मदत बहुतेक वेळा स्वस्त आणि साधी असते. “वह्या काढा, तारीख घाला, समास आखा, पान चोवीस उघडा आणि तिसरे गणित सोडवा,” ही पाच सूचनांची ओळ कार्यकारी स्मृती कमी असलेले मूल दुसऱ्या सूचनेपाशी सोडून देते, आणि आपण त्याला ‘लक्ष देत नाही’ म्हणतो. एकेक सूचना द्या, फळ्यावर लिहा, झालेली खोडा. स्वमग्न मुलाला दिवसाचे वेळापत्रक चित्रांत लावून दिले की, बदलाची भीती कमी होते. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, बालरोगतज्ज्ञांची औषधे यांना पर्याय नाही. पण थेरपीचा तास आठवड्यातून एक-दोनदाच असतो आणि उरलेला आठवडा शाळेत आणि घरात जातो.

आता दोन सावध सूचना. पहिली या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी : चाचण्या विकत मिळतात म्हणून कोणीही त्या घ्याव्यात, असे नाही. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेल्या व्यावसायिकाचाच तो अधिकार आहे, आणि त्यामागे मुलाचे हित आहे. दुसरी सूचना पालकांसाठी : अहवाल हाती आल्यावर तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलाचे कोणते सामर्थ्य तुम्हाला दिसले? शाळेने काय बदलायचे? आणि ते बदलून उपयोग झाला की नाही, हे पुन्हा कधी पाहायचे? या तिन्हींचे उत्तर नसेल, तर मूल्यमापन अजून पूर्ण झालेले नाही.

विद्यार्थ्यांसाठी नाशिक परिसरात कामाची कमतरता नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय, तिन्ही नाशकातच आहेत. कोकणा बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाचे शब्दभांडार सरासरी किती असते? उर्दू माध्यमातल्या मुलाचा वाचनाचा वेग कोणत्या इयत्तेत कुठे असायला हवा? अहिराणी घरातल्या मुलीला शब्दांची यादी पाठ करायला देताना कोणते शब्द निवडायचे? कामतांनी कन्नड आणि मराठीसाठी केले, तेच आता जिल्ह्यातल्या बोलींसाठी करायचे आहे. ते काम मोठे, चिकाटीचे आणि दवाखान्याच्या खोलीइतकेच आश्रमशाळेच्या ओसरीवर होणारे आहे. ते कोणीतरी हाती घेतले, तर सुरगाण्याहून आलेल्या मुलाच्या अहवालात त्याचे मौन कमी बुद्धी म्हणून नोंदले जाणार नाही, आणि त्याच्या शिक्षकांना सोमवारी वर्गात काय करायचे ते कळेल. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत आहे.