शहर गेले, टाऊन हॉल उरला

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आइल ऑफ वाइट बेटावर न्यूटाऊन नावाचे एक चिमुकले खेडे आहे. तेथे बाजारपेठ नाही, वर्दळ नाही. मात्र गावाच्या मधोमध विटांनी बांधलेला एक टाऊन हॉल दिमाखात उभा आहे. शहर नसताना टाऊन हॉल आला कोठून, असा प्रश्न नवख्या प्रवाशाला हमखास पडतो.

याचे उत्तर मध्ययुगात सापडते. विंचेस्टरच्या बिशपपदी निवडल्या गेलेल्या एमेरने सन १२५६ मध्ये येथे सनद देऊन 'फ्रँचव्हिल' हे नगर वसविले. बंदर चांगले असल्याने मीठ आणि कालवे यांचा व्यापार चाले. परंतु १३७७ मध्ये फ्रेंचांनी केलेल्या हल्ल्यात नगर जळाले आणि ते पुन्हा कधीच सावरले नाही. गोल्ड स्ट्रीट या ऐश्वर्यसूचक नावाच्या रस्त्यावर आज गवत माजले आहे.

नगर ओसरले, पण त्याचे हक्क मात्र कागदोपत्री अबाधित राहिले. १५८४ पासून न्यूटाऊनला पार्लमेंटमध्ये दोन सदस्य पाठविण्याचा अधिकार मिळाला. आजची इमारत १६९९ च्या सुमारास उभी राहिली, ती महापौर व नगरजनांच्या सभांसाठी आणि या निवडणुकांसाठी. निवडणूक म्हणजे बहुधा उपचारच! मताधिकार ठराविक भूखंडांच्या मालकीला जोडलेला होता आणि हे भूखंड मोजक्या जमीनदार घराण्यांच्या मुठीत होते. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला जॉर्ज कॅनिंग १७९३ मध्ये वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी पार्लमेंटमध्ये पोहोचला तो येथूनच. भारताचे पहिले व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग हे त्याचेच चिरंजीव.

असे नामधारी मतदारसंघ 'रॉटन बरो' म्हणून कुप्रसिद्ध होते. मँचेस्टरसारख्या गजबजलेल्या औद्योगिक शहराला एकही प्रतिनिधी नसताना या खेड्याला दोन होते. १८३२ च्या सुधारणा कायद्याने हा अधिकार रद्द केला, तेव्हा येथे जेमतेम १४ घरे आणि २३ मतदार उरले होते. टाऊन हॉलचे मुख्य प्रयोजनच संपले आणि कालांतराने वास्तू मोडकळीस आली.

तिला वाचविले ते 'फर्ग्युसन्स गँग' या विलक्षण टोळीने. मुखवटे घालून, टोपणनावे घेऊन वावरणाऱ्या या तरुणी जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी पैसा जमवीत आणि तो नॅशनल ट्रस्टच्या कार्यालयात कधी खोट्या अननसात दडवून, तर कधी सिगारभोवती गुंडाळून पोहोचवीत. पुणेकरांनी नावावरून गैरसमज करून घेऊ नये; आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयाशी यांचा काही संबंध नाही! १९३३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने टाऊन हॉल ट्रस्टच्या ताब्यात आला. टोळीच्याच वर्तुळातील 'आर्टिचोक' या टोपणनावाचे वास्तुतज्ज्ञ जॉन मॅकग्रेगर यांनी त्याची डागडुजी केली.

'बिल स्टिकर्स' म्हणवून घेणारी टोळीची म्होरकी म्हणजे पेगी पोलार्ड, हे पुढे उघड झाले. केंब्रिजमध्ये तिने अभ्यास केला होता तो संस्कृतचा.