व्लादिमिरच्या नावातली शांती

कीवचा राजा व्लादिमिर १५ जुलै १०१५ रोजी वारला. पुढच्या दोन-तीन वर्षांत मेर्झेबुर्गचा जर्मन बिशप थीटमार याने आपल्या लॅटिन इतिवृत्तात त्याची चांगलीच हजेरी घेतली. राजा बाईलवेडा नि क्रूर होता, हे सांगून झाल्यावर बिशप त्याच्या नावावर घसरतो: अर्थ म्हणे ‘शांतीची सत्ता’, पण तो या माणसाला कुठला शोभायला! टोमणा सोडून दिला तरी साक्ष मोलाची आहे. थीटमारच्या धर्मप्रांतात स्लाव प्रजा होती. तेव्हा हा अर्थ नंतरच्या कुणा पंडिताने जुळवलेला नाही, व्लादिमिरच्या हयातीतच तो लोकांच्या तोंडी असावा, असे धरायला हरकत नाही.

नाण्यांचा कौलही तिकडेच. व्लादिमिरने पाडलेली सोन्याची नाणी आज जेमतेम डझनभर उरली आहेत. एका बाजूला हाती क्रूस घेतलेला मुकुटधारी राजा, दुसऱ्या बाजूला ख्रिस्त. घडण बायझंटाइन, अक्षरे सिरिलिक. मजकूर एवढाच की हा व्लादिमिर आणि हे त्याचे सोने. नावाचा शेवट ‘मिर’, आणि ‘मिर’ म्हणजे शांती.

मग वाद कशाचा? रूसच्या जुन्या बखरीची लाव्हरेंती नावाच्या भिक्षूने १३७७ साली केलेली प्रत उपलब्ध आहे. तीत हाच राजा ‘वोलोदिमेर’ होतो. प्रत नाण्यांहून साडेतीनशे वर्षांनी उशिराची, म्हणून नुसत्या वयावर निकाल द्यायचा तर ‘मिर’च जिंकेल. पण कागद उशिराचा म्हणून त्यातले रूपही उशिराचे ठरत नाही. योर्दानेस याने ५५१ च्या सुमारास लिहिलेल्या गॉथांच्या इतिहासात व्हालामिर, थिउदिमिर आणि विदिमिर हे तीन राजबंधू भेटतात. त्यांच्या नावांतले शेवटचे पद शांतीचे नव्हे, कीर्तीचे. गॉथिक बायबलातले ‘मेर्यान’, म्हणजे जाहीर करणे, हे क्रियापद त्याच कुळातले. ‘वोलोदिमेर’मधला ‘मेर’ म्हणजे हेच पद; स्लावांनी ते गॉथांकडून उचलले की दोघांकडे ते वडिलोपार्जित होते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पूर्वार्धाबद्दल मात्र तक्रार नाही: ‘व्लाद’ म्हणजे सत्ता.

नाव मुळात कीवचेही नव्हे. शंभर वर्षे आधी, ८८९ ते ८९३, बल्गेरियावर बोरिसचा मुलगा व्लादिमिर राज्य करत होता. तो जुन्या देवांकडे वळला, तेव्हा मठात गेलेला बाप बाहेर आला आणि मुलाचे डोळे काढून त्याला पदच्युत केले.

माझ्या मते मूळ रूप ‘मेर’, अर्थ ‘सत्तेने थोर’. ओळखीच्या ‘मिर’ने ते पुढे झाकले आणि थीटमारच्या कानी आले ते हे झाकलेले रूप. गंमत म्हणजे त्याचे स्वतःचे नावही त्याच घडणीचे. ‘थीट’ म्हणजे लोक, ‘मार’ म्हणजे ख्यातनाम. गॉथ थिउदिमिरचाच हा जर्मन अवतार. ज्या पदाला शांती समजून बिशपाने राजाला हिणवले, ते त्याच्या स्वतःच्याच नावात बसले होते.