गर्भनिरोधक गोळी, संयुक्त : योग्य सेवन (गोवंडी, मुंबई)

इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन ही दोन संप्रेरके असलेली, रोज तोंडाने घ्यायची गोळी. तिच्यामुळे बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडत नाही व गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होतो. शासकीय कार्यक्रमातील ‘माला-एन’मध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिग्रॅ. व एथिनिल इस्ट्राडायोल ०.०३ मिग्रॅ. असते. पाकिटात २८ गोळ्या : २१ संप्रेरकांच्या, ७ लोहाच्या. नेमाने घेतल्यास वर्षभरात १,००० स्त्रियांमागे सुमारे ३ गर्भधारणा होतात. रोजच्या व्यवहारात, विसरभोळेपणा धरून, हे प्रमाण ७० च्या आसपास जाते. दोन आकड्यांतला फरक बहुतांशी घेण्याच्या पद्धतीचा आहे.

इतिहास. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र सुरू केले. तेव्हा गोळी अस्तित्वात नव्हती. गोवंडी स्थानकाजवळ देवनार येथे १९५६ मध्ये स्थापन झालेली, आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते. पाचव्या सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशातील विवाहित स्त्रियांपैकी ५.१ टक्के गोळी वापरतात, तर ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे.

मिळण्याचे ठिकाण. शासकीय व महापालिका आरोग्य केंद्रांत मोफत.

सुरुवात व क्रम. पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत सुरू केल्यास संरक्षण लगेच मिळते. गर्भ नसल्याची खात्री असेल तर इतर कोणत्याही दिवशी सुरू करता येते. मात्र पुढचे ७ दिवस निरोध वापरावा. रोज ठरलेल्या वेळी, उदा. रात्रीच्या जेवणानंतर, एक गोळी घ्यावी. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत पाळी येते. पाकीट संपताच दुसऱ्या दिवशी नवे सुरू करावे. पाळी थांबण्याची वाट पाहू नये. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळंतपणानंतर ६ महिने ही गोळी टाळावी.

गोळी चुकल्यास. एक चुकली तर आठवताच घ्यावी व पुढची ठरल्या वेळी घ्यावी. त्यासाठी एका दिवशी दोन घेतल्या तरी चालते. जादा खबरदारी दोन गोळ्या चुकल्यावर घ्यावी की तीन, याबाबत मार्गदर्शिकांत एकवाक्यता नाही. दोन धरणे अधिक सुरक्षित. अशा वेळी आठवताच एक गोळी घेऊन क्रम चालू ठेवावा व ७ दिवस निरोध वापरावा. चूक तिसऱ्या आठवड्यातली असेल तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवे पाकीट सुरू करावे. लोहाची गोळी चुकल्यास संरक्षण कमी होत नाही. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाल्यास आणखी एक घ्यावी.

क्षयरोगाची औषधे. गोवंडीतील शिवाजीनगर, बैंगनवाडी या दाट वस्त्यांत क्षयाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. म्हणून इथे हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. नेहमीच्या ६ महिन्यांच्या उपचारात अखेरपर्यंत असणारे रिफॅम्पिसिन यकृतातील विकरे वाढवते. त्यामुळे गोळीतली दोन्ही संप्रेरके लवकर नष्ट होतात आणि एकही दिवस न चुकवणाऱ्या स्त्रीलाही गर्भ राहू शकतो. लघवी केशरी होणे ही रिफॅम्पिसिन चालू असल्याची ओळखीची खूण. परिणाम औषध थांबल्यावरही सुमारे ४ आठवडे टिकतो. घरातील रुग्णामुळे प्रतिबंधक म्हणून आठवड्यातून एकदा रिफापेंटिन घेणाऱ्या निरोगी स्त्रीलाही हेच लागू आहे. रोज दोन गोळ्या घेणे हा उपाय नव्हे. अशा काळात तांबी किंवा दर ३ महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन हे खात्रीचे पर्याय; जननमार्गाचा क्षय असल्यास तांबी बसवत नाहीत. औषधरोधी क्षयावरील काही औषधे गर्भाला अपायकारक असल्याने त्या उपचारात गर्भनिरोधन अधिकच गरजेचे. क्षयाची औषधे देणाऱ्याने गोळीबद्दल आणि गोळी देणाऱ्याने क्षयाबद्दल विचारलेच पाहिजे. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर बाई हे आपणहून सांगेलच असे नाही. प्रश्न एकांतात विचारावा. फिटवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांचाही असाच परिणाम होतो.

कोणी घेऊ नये. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असणाऱ्या. पस्तिशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्या. पूर्वी रक्ताची गुठळी, पक्षाघात वा हृदयविकार झालेल्या. डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी होणाऱ्या. स्तनाचा कर्करोग वा यकृताचा गंभीर आजार असलेल्या स्त्रिया.

धोक्याची लक्षणे. छातीत किंवा पोटात तीव्र कळ, धाप, एका पोटरीला सूज व दुखणे, अचानक जबर डोकेदुखी, दिसण्यात बिघाड. गोळी थांबवून तात्काळ रुग्णालयात जावे.

इतर परिणाम. सुरुवातीचे दोन-तीन महिने मळमळ व अधूनमधून डाग. बहुधा आपोआप थांबतात. बीजकोश व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका घटतो. लैंगिक संसर्गापासून संरक्षण नाही.

बंद करणे. केव्हाही करता येते. गोळीने वांझपण येत नाही. पुढच्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात.